वाघ्याची मान का सुटली

(पत्र थोडक्यात. वाचक 31 वर्षांची, माहेर चिकोडी तालुक्यात, सासर बेळगावात. नाव छापत नाही.)

माहेरचा कुत्रा वाघ्या 13 वर्षं बाबांच्या मागेमागे शेतात जायचा, गेल्या श्रावणात तो गेला. बाबांच्या साठीला त्यांना लोकरीचा वाघ्या करून द्यायचा म्हणून मी ऑनलाइन नीडल फेल्टिंगचं (सुईनं लोकर टोचून टोचून घट्ट करत वस्तू करायची कला) 1,450 रुपयांचं किट मागवलं. व्हिडिओत वीस मिनिटांत कुत्रा तयार होतो, मला पाच आठवडे लागले, रोज रात्री मुलगा झोपल्यावर. अंग मऊच राहिलं, दाबलं की बोट आत जातं. एक बाजू चपटी झाली, दोन सुया मोडल्या, वर तपकिरी लावूनही आतला पांढरा रंग जिथंतिथं दिसतोय, आणि चिकोडीला पोचेपर्यंत बसमध्येच मान सुटायला लागली. वहिनी सगळ्यांदेखत म्हणाली, "हे मांजर हाय की डुक्कर?" सगळे हसले. बाबा काहीच बोलले नाहीत, कपाटात काचेमागे ठेवून दिलं. नवरा म्हणतो 2,800 चं मोठं किट घे आणि परत कर, सासूबाई म्हणतात पैसे पाण्यात गेले, त्यापेक्षा क्रोशा कर. माझ्या हातात कलाच नाही का? तो वाघ्या गुपचूप परत आणून टाकून देऊ, की दुसरा करू, की हा नाद सोडू?

---

अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं, पहिल्यांदा वाचताना वाईट वाटलं आणि दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन घेऊन खुणा करत बसले, कारण तक्रार सांगता सांगता तू उत्तरं पण लिहून गेलीयस आणि ते तुझ्या लक्षात आलेलं नाही. मऊ राहिलं, एका बाजूला चपटं झालं, सुया मोडल्या, पांढरं दिसतंय, मान सुटली. पाच गोष्टी. यातली एकही "कला नाही" या सदरात येत नाही, पाचींना पाच वेगळी कारणं आहेत आणि पाचही कारणं शिकता येतात.

आपल्याकडं एखादीची भाकरी तव्यावर चिरली तर तिच्या हातात कला नाही असं कुणी म्हणतं का? आधी पीठ बघतात, जुनं होऊन विरी गेलीय का, मग पाणी किती गरम होतं, मळलं किती, तवा किती तापला होता. जोंधळ्यापासून तव्यापर्यंत सगळ्यांची चौकशी होते आणि मग पोरीला सांगतात की उद्या पाणी जरा जास्त कढत घे. तू मात्र लोकरीची चौकशी केली नाहीस, सुईची केली नाहीस, सरळ स्वतःलाच दोषी ठरवून मोकळी झालीस. म्हणून आधी चौकशी करू, बाबांचं नंतर बोलू, कारण खरं सांगायचं तर तुझ्या पत्रात दोन पत्रं आहेत, एक लोकरीचं आणि एक बाबांचं, आणि दोन्ही एकत्र कालवल्यामुळं तुला जास्त त्रास होतोय.

लोकरीच्या प्रत्येक तंतूवर डोळ्याला न दिसणारे खवले असतात, आणि फेल्टिंगच्या सुईच्या कडांवर बारीक खाचा असतात. सुई आत जाताना त्या खाचा वरचे तंतू ओढून आत नेतात, सुई बाहेर येते तेव्हा तंतू आतच राहतात आणि एकमेकांत अडकतात. दोरा नाही, गाठ नाही, डिंक नाही, निव्वळ अडकवणं. ही सुई मुळात कारखान्यातली आहे, मशीनवरच्या फळीला अशा हजारो सुया लावून फेल्टचं, म्हणजे न विणता तंतू अडकवून केलेलं, कापड करतात. ती एकेक सुई हातात धरून छोट्या वस्तू करायचं हे काम अमेरिकेत 1980 च्या दशकात डेव्हिड आणि एलिनॉर स्टॅनवुड या जोडप्यानं सुरू केलं असं मानतात. आता विचार कर, जे काम मशीनमध्ये हजारो सुया करतात ते तू एका सुईनं रात्री अकरा वाजता करत होतीस. व्हिडिओतली वीस मिनिटं ही कापून जोडलेली वीस मिनिटं आहेत, मधले टोचण्याचे तास कोण दाखवणार? तुझे पाच आठवडे हे काही संथपणाचं लक्षण नाही.

आता मऊपणा, कारण माझ्या मते बाकीचं निम्मं दुखणं त्यातूनच आलंय. मी पहिल्यांदा एक ससा केला होता, तुझ्यासारखाच लिबलिबीत. फार दिवस तसाच डब्यात पडून होता, शेवटी एक दिवस नवं ब्लेड घेतलं आणि मधोमध कापला. बाहेर साधारण ज्वारीच्या दाण्याएवढ्या जाडीचं कवच, घट्ट, आणि आत नुसता पिंजलेला कापूस, फुंकर मारली असती तर उडाला असता. गुलाबजाम जास्त तापलेल्या तेलात सोडला की वरून लाल होतो आणि आत पिठाची गोळी कच्ची राहते, तसंच झालं होतं. मी सुरुवातीपासून बारीक सुई घेऊन वरवर, भराभर टोचत बसले होते. वरचा थर आधी घट्ट झाला, आणि एकदा तो घट्ट झाला की सुई आत जायला मागत नाही, मग आपण अजून वरवर टोचतो आणि आतलं आतच राहतं.

सुयांचे नंबर असतात आणि ते उलटे चालतात, नंबर मोठा तितकी सुई बारीक. 36 ची जाड, 38 ची मधली, 40 ची बारीक, 42 ची फार बारीक. सुरुवात 36 किंवा 38 नं करायची, सुई पार मधापर्यंत घालायची, दाबून बघायचं, आणि आतून घट्ट झाल्याशिवाय 40 ला हात लावायचा नाही. छोट्या किटमध्ये बऱ्याचदा सुयांवर नंबरच नसतो, तीन सुया एका प्लास्टिकच्या नळीत टाकलेल्या असतात, तुझं तसंच झालं असेल तर तुला कळणार तरी कसं. आणि लोकर गुंडाळतानाच घट्ट गुंडाळायची, चटई गुंडाळतो तशी, तरी ती न टोचलेली गुंडाळी तुला हव्या त्या आकाराच्या दुप्पट तरी दिसायला पाहिजे, कारण टोचत गेलं की ती आकसते. बहुतेक जणी पाहिजे तेवढाच आकार घेऊन बसतात, मग आकार बिघडू नये म्हणून टोचायचं लवकर थांबवतात. तू थांबलीस का गं तशी? मला वाटतं थांबली असशील.

चपटेपणाचं लगेच सांगते. वस्तू फोमवर (टोचताना खाली ठेवायची मऊ गादी) ठेवून एकाच बाजूनं टोचत राहिलं की ती बाजू चपटी होते, आठ-दहा वेळा टोचलं की फिरवायची, परत फिरवायची, पोळी लाटताना फिरवतो तशी सवयीनं. सुई मोडते ती आत गेल्यावर वाकवल्यामुळं, ज्या दिशेनं गेली त्याच दिशेनं बाहेर यायला पाहिजे. मोडलेली टोकं सापडली का? हे मी काळजीनं विचारतेय, तुझ्या घरात लहान मुलगा आहे. टोक वस्तूच्या आत राहिलं असेल तर ती वस्तू मुलाच्या हातात द्यायची नाही, आणि सुया मोजून डब्यात, डब्याला झाकण, रोज. बोटाला लागतंय म्हणून चामड्याच्या टोप्या मिळतात, पण त्या विकत कशाला, निपाणी-अथणीकडं कोल्हापुरी चपला करणाऱ्यांकडं चामड्याचे तुकडे पडलेले असतात, त्यातला मऊ तुकडा घेऊन दोन बोटांना शिव.

मान. मान सुटली कारण तू डोकं पूर्ण घट्ट केलंस, अंग (बाहेरून का होईना) घट्ट केलंस, आणि मग दोन घट्ट गोष्टी एकमेकींना जोडायला गेलीस. घट्ट झालेल्या तंतूंना अडकायला जागाच उरत नाही. डोकं करताना मानेकडची बाजू टोचायचीच नाही, झाडूच्या बुडख्यासारखी मोकळी ठेवायची, अंगावरची जागा पण सैल ठेवायची, मग ते मोकळे तंतू अंगावर पसरून सगळ्या बाजूंनी तिरके खोल टोचायचे, वरून थोडी नवी लोकर गळपट्ट्यासारखी गुंडाळून परत टोचायचं. कान, पाय, शेपूट सगळ्यांना हाच नियम.

आणि पांढरं दिसतंय ते दोन कारणांनी दिसतं, वरचा तपकिरी थर एकाच जागी पातळ पडला असेल, किंवा बारीक सुईनं खूप टोचल्यावर आतला पांढरा तंतू वर आला असेल. तपकिरी लोकर बोटांनी अगदी विरळ ओढून, एक थर उभा एक थर आडवा असे दोन-तीन थर द्यायचे. पण मला यावर तुला वेगळंच सुचवायचंय, आणि ते तुला तुझ्या माहेरीच मिळणार आहे.

तू किटमधली महागडी मऊ पांढरी लोकर आत भरायला वापरलीस. मेरिनो जातीच्या मेंढीच्या लोकरीसारखी लांब, विंचरलेली, गुळगुळीत लोकर असेल तर ती आत भरायला तशी त्रासदायकच, तंतू निसटत राहतात, घट्ट व्हायला फार वेळ घेतात. आत भरायला रांगडी, आखूड, कुरळी लोकर बरी. आणि तुमच्या चिकोडी-रायबाग-अथणी पट्ट्यात सुगी झाली की खतासाठी शेतात मेंढ्या बसवतात, त्या मेंढ्यांच्या अंगावर काय आहे? दख्खनी लोकर, काळी, करडी, तपकिरी, मेरिनोपेक्षा दुप्पट जाड तरी असेल. घोंगडी त्याचीच होते, कन्नडमध्ये कंबळी म्हणतात ती. आणि जेन पण त्याचंच, तुझ्या आजीच्या घरी असेल बघ, घोंगड्यासारखं विणलेलं नसतं ते, लोकर पिंजून, थर लावून, भिजवून, लाटून लाटून दाबलेलं असतं. म्हणजे विणल्याशिवाय लोकर घट्ट करायची विद्या आपल्याकडं होतीच, तू सुईनं करतीयस आणि पिंजारी पाण्यानं आणि हाताच्या जोरानं करत आलेत.

आता धनगरांना लोकरीला भाव मिळत नाही, कातरणीची मजुरीसुद्धा निघत नाही, म्हणून बरीच लोकर बांधावर टाकून देतात. मला हे बघून फार तुटतं. माहेरी गेलीस की बाबांना सांग, ओळखीच्या धनगराकडून किलोभर घेऊन ठेवा, आणि पैसे द्या, फुकट आणू नका. घरी आणून आधी काटे, गोखरू, काड्या हातानं वेचून काढायच्या, मग कोमट पाण्यात रिठा घालून नुसती बुडवून ठेवायची. चोळायची नाही, पिळायची नाही, नाहीतर बादलीतच जेन तयार होईल. दोन-तीन पाणी बदलून सावलीत वाळवायची आणि कुत्र्याचे केस विंचरायचे दोन तारेचे ब्रश घेऊन पिंजायची. मी ही लोकर आत भरून बघितलीय, 36 च्या सुईनं लवकर बसते, राठ केस मधून मधून बाहेर येतात पण ते वरच्या थरात झाकले जातात. आणि तपकिरी कुत्र्याच्या आत काळी-करडी लोकर असेल तर थोडी वर आली तरी अंगावरच्या केसांची छटाच वाटते. पावसाळ्यात मात्र जप, आपल्याकडच्या पावसात ओल धरली की कसर लागते, पूर्ण वाळवून कडुलिंबाचा वाळका पाला घालून बंद डब्यात ठेव.

किटमध्ये अजून लोकर शिल्लक असेल तर चिमूटभर घेऊन सिंकवर चिमट्यात धरून जाळून बघ, खिडकी उघडी ठेवून. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटात चुरली तर खरी लोकर. प्लास्टिकचा वास येऊन वितळून कडक मणी झाला तर ते अ‍ॅक्रिलिक, त्याला खवले नसतात, सुईनं थोडंफार अडकतं पण स्प्रिंगसारखं परत फुगतं. तसं निघालं तर पाच आठवड्यांच्या मऊपणाचा मोठा दोष त्या किटवर जाईल.

म्हणून नवऱ्याचं 2,800 चं किट मला आत्ता पटत नाही. त्याचा हेतू चांगला आहे, त्याला तू खट्टू झालेली बघवत नाहीये, पण मोठ्या किटमध्ये जास्त रंग येतील, तेच कारण परत तेवढंच फसेल. त्याला सांग, नंबर लिहिलेल्या 36, 38, 40 च्या दोन-दोन सुया आणि एक जाड फोम एवढंच आणून दे. सासूबाई पण पूर्ण चुकीचं बोलत नाहीयेत, क्रोशा बिघडला तर उसवता येतो, हे उसवता येत नाही, हा खरा फरक आहे आणि काही जणींना उसवता येणारंच काम मानवतं. पण फेल्टिंगमध्ये दुसरी सोय आहे जी क्रोशात नाही, इथं वस्तू संपली असं कधीच नसतं, वर्षानं पण नवी लोकर लावून परत टोचता येते. पैसे पाण्यात गेले म्हणाल्या, त्यावर मी एवढंच म्हणेन की जे पैसे गेले ते गेले, त्यांच्यासाठी हे काम चालू ठेवू नकोस आणि त्यांच्यासाठी सोडू पण नकोस. पाच आठवडे रात्री बसलीस त्यात बरं वाटायचं का? दिवसभराच्या धबडग्यानंतर तो अर्धा तास हवासा वाटायचा का? पत्रात तू निकालाबद्दल दोन पानं लिहिलंयस आणि त्या रात्रींबद्दल एकच ओळ. ते आधी स्वतःला विचार. उत्तर "नाही" आलं तर खुशाल सोड, क्रोशा घे, त्यात हरणं काही नाही.

"हो" आलं तर लगेच दुसरा वाघ्या करायला घेऊ नकोस. जो गेलाय, ज्याच्या आठवणीनं डोळ्यात पाणी येतं, त्याच्यावर कुणी पहिला हात बसवू नये, प्रत्येक चूक दुप्पट लागते. तीन गोळे कर, नुसते गोळे, प्रत्येकी पाच ग्रॅम लोकरीचे, घट्ट झाल्यावर लिंबाएवढे होतील. पहिला तुझ्या जुन्या पद्धतीनं, दुसरा जाड सुईनं खोल टोचून, तिसऱ्यात दख्खनी लोकर भरून. किती वेळ लागला ते कॅलेंडरवर लिहून ठेव. मग तिन्ही ब्लेडनं काप. हो, काप, जीव खालीवर होईल पण काप, कारण बाहेरून तिन्ही सारखे दिसतील आणि आतून काय झालं ते कापल्याशिवाय कळणार नाही, मला तो ससा कापेपर्यंत कळलं नव्हतं. त्यानंतर अजून दोन गोळे करून, ते न कापता एकमेकांना जोडून बघ, मानेचा सराव म्हणून, आणि जोडल्यावर एकाला धरून दुसरा हलव. ज्या वाचकांनी राखीला, बारशाला असं काही करून देऊन हिरमोड करून घेतलाय त्यांनाही हेच सांगेन, ज्याला द्यायचंय त्याची वस्तू सर्वात शेवटी करा.

आता बाबा.

"बाबा काहीच बोलले नाहीत" यावर तू धरून चाललीयस की त्यांना आवडलं नाही. असेलही तसं, मी त्यांना ओळखत नाही. पण 13 वर्षं ज्याच्यासोबत बांधावर फिरले त्या कुत्र्याचं काहीतरी लेकीनं हातात ठेवल्यावर, घरभर माणसं असताना, आपल्याकडचा साठीचा माणूस काय बोलणार गं? आणि त्यांनी ते कुठं ठेवलं ते तूच लिहिलंयस, काचेमागे. सुटलेल्या मानेची वस्तू माणूस माळ्यावर पण टाकू शकतो. मी त्याचा अर्थ लावत नाही, तू पण लावू नकोस, विचार. आणि गुपचूप परत आणायचं तर डोक्यातून काढूनच टाक, ते आता त्यांचं आहे. उद्या कपाट उघडून बघितलं आणि जागा रिकामी दिसली तर त्यांना काय वाटेल याचा विचार तू केलेला नाहीस.

त्यांच्यासमोर दुरुस्त करायला माग. "बाबा, मान सुटलीय ती बसवून देते" एवढंच. तो वाघ्या बिघडलेला नाही, अर्धा राहिलाय. 36 ची सुई घेऊन सगळ्या बाजूंनी, हळू, फिरवत फिरवत पार मधापर्यंत टोच, वरचं कवच आहे म्हणून सुरुवातीला जड जाईल, जोर लावून वाकवू नकोस नाहीतर तिसरी सुई जाईल. अंग बारीक होईल, होऊ दे, वर परत थर देता येतो. मान पूर्ण काढ, दोन्हीकडचे तंतू सुईच्या टोकानं उचकटून मोकळे कर आणि मग नवी लोकर घालून जोड. डोक्यात मोडलेलं टोक सापडतंय का तेही तेव्हाच बघून घे.

वहिनीचं मला वाईट वाटलं पण त्यावर मी फार लिहीत नाही. चारचौघांत लागलं ते लागलंच. तिला एकदा बाजूला घेऊन सांग की पाच आठवडे बसले होते, तुझ्या बोलण्यानं वाईट वाटलं. बऱ्याचदा हसणाऱ्याला समोरच्यानं किती रात्री घातल्या ते माहीतच नसतं. कळल्यावर पण हसली तर मग तिच्याकडून मत घ्यायचं बंद कर.

एक राहिलं. तू लिहिलंयस की वाघ्याचा एक कान लहानपणी भांडणात फाटून कायमचा वाकडा झाला होता आणि तुला कुठला ते आठवेना म्हणून तू दोन्ही कान सारखे केलेस. तो कान सगळ्यात शेवटी कर. कानाचा पातळ त्रिकोण फोमवर सपाट टोचून घ्यायचा, बुडखा मोकळा ठेवायचा, डोक्याला जोडल्यावर टोक खाली मुडपून मुडपलेल्या रेषेवरच 40 च्या सुईनं टोचत राहायचं म्हणजे तो तसाच पडून राहतो. पण त्याआधी बाबांना फोन कर आणि विचार, बाबा, वाघ्याचा कुठला कान वाकडा होता, डावा की उजवा, आणि कुणाबरोबर भांडला होता तो?